वळवणच्या पाण्यात राहिलेलं धोतर

दस्तगीर,

आवळीभोजनाहून परत आलो की राहुटी उन्हात घालायची आणि दवाचा ओलावा पुरता गेल्याशिवाय तिची घडी घालायची नाही, हा तुझा नियम. मला नेहमी घाई. आणि तू दुकानाच्या फळीवरून ओरडायचास, "घाला, घाला घडी! पुढच्या वर्षी बुरशीखाली झोपायचं असलं तर खुशाल घाला!"

काल ती अंगणात दोरीवर पसरली. घाई केली नाही. सगळं कापड आता मातकट झालंय, आतल्या बाजूचं ते एक ठिगळ तेवढं अजून पांढरं आहे. त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलो आणि ठरवलं की तुला लिहायचं. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. पण जिवंतपणी तरी तू माझं लिहिलेलं कुठे वाचत होतास? शाळेच्या समारंभातलं भाषण मी मोठ्या कौतुकानं तुझ्या हातात दिलं, तर तू कागद चिमटीत धरून चोळलास आणि म्हणालास, "पोत चांगला आहे."

तू गेलास त्याला अजून महिना व्हायचाय. माणसं भेटायची, तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलायची, आणि बोलणं संपता संपता मला म्हणायची, "तुमच्यामुळं त्याला एवढं आयुष्य मिळालं, मास्तर." मी मान खाली घालायचो. ती त्याला विनय समजायची. तो विनय नव्हता. म्हणून हे पत्र तुला, पण सगळ्यांनी वाचावं असं.

मी कृष्णाकाठचा. शाळेच्या नोकरीसाठी लोणावळ्यात आलो तेव्हा मला एका गोष्टीचं नवल वाटायचं. मुंबईचे साहेबलोक आणि शेठलोक आमच्या डोंगरात हवा खायला येतात, आणि गावातली माणसं मात्र दारं लावून आत बसतात. कार्तिकात बायका आवळीभोजनाला म्हणून रानात जायच्या, त्याही झाडाखाली पानं वाढून, जेवून, दिवेलागणीच्या आत घरी. मी म्हटलं, एवढं जायचंच तर राहायचं का नाही? चार दिवस, बायकामुलांसकट, पाण्याच्या काठी. लोक हसले. "का हो मास्तर, आमची घरं जळलीत की काय?"

पहिल्या वर्षी दोन-तीन कुटुंबं कशीबशी तयार झाली. भाज्याला, लेण्यांच्या पायथ्याशी आंब्याखाली कांबळी पसरून आम्ही झोपलो आणि पहाटे दवानं ओलेचिंब होऊन उठलो. आमच्या मथूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिथेच सांगून टाकलं की डोक्यावर छप्पर असल्याशिवाय ती पुन्हा येणार नाही. म्हणून मी तुझ्या दुकानाची पायरी चढलो. बाजारात सदरे-बंड्या शिवणारे आणखीही होते, पण साहेबांचे तंबू दुरुस्त करणारा तू एकटाच.

"किती माणसं?" तू विचारलंस.

"आठ-दहा."

"घोरणारं कोण आहे?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"त्याला दाराशी निजवायचं. कापड हवा खेळवतं मास्तर, आवाज नाही खेळवत."

राहुटी शिवलीस. ती ठोकायला कुणाला येईना म्हणून तू बरोबर आलास, आणि मग दर वर्षी आलास. दाराशी तूच निजायचास. तुझ्याएवढं घोरणारं माणूस मी अख्ख्या मावळात दुसरं पाहिलं नाही.

त्या राहुटीनं मला काय दिलं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. आता सांगतो. सकाळी दाराचं कापड बाजूला सारून बाहेर यावं तर तळ्यावर धुकं पडलेलं, पाण्यातल्या खुंटांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले, आणि तू चुलीपाशी उकिडवा. तुझा चहा म्हणजे गुळाचा पाकच. तो प्यायला की जीभ टाळूला चिकटायची. मथू घरी कधी गायली नाही. सासू-सासरे, शेजारीपाजारी, कायम कुणाचा तरी कान जवळ. तुंगार्लीच्या तळ्याकाठी तांदूळ धुताना ती पहिल्यांदा मोठ्यानं गायली. मी पाणी आणायला म्हणून निघालो होतो, तो रिकामी घागर घेऊन तसाच उभा राहिलो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि हा गळा मला ठाऊक नव्हता. तो तुझ्या बांबूंनी आणि दोऱ्यांनी मला ऐकवला, दस्तगीर.

आणि तुझा वाघ! दर वर्षी तुला वाघ दिसायचा, आणि दर वर्षी तो हातभर वाढायचा. एकदा सकाळी करवंदीच्या जाळीकडे बोट दाखवून तू सगळ्यांना गप्प केलंस. जाळी हलत होती, खरंच. मुलं आयांना बिलगली. तेवढ्यात वळवणची गोदूमावशी दुधाची चरवी घेऊन आली. तिनं जाळीकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं.

"दस्तगीरभाऊ, त्यो वाघ न्हाई. माजी कपिला हाय. सकाळधरनं हुडकतीया मी तिला."

"शेपूट वाघाचंच होतं, मावशी," तू म्हणालास. तुझा हट्ट म्हणजे हट्ट.

तसाच तुझा दुसरा हट्ट. राहुटी झाडाखाली नको, उघड्यावर हवी. माझं म्हणणं झाडाखालीच. सावली मिळते. तुझं म्हणणं, झाडावरून दव गळतं, मुंग्या पडतात, पाखरं वरून आशीर्वाद देतात. हा वाद आपण इतकी वर्षं घातला की शेवटी मंडळी आपण भांडत असतानाच सामान उतरवून जेवायला बसायची. गेल्या श्रावणात तू अंथरुणावर होतास, बोलताना धाप लागत होती, तरी म्हणालास, "यंदा उघड्यावर." मी म्हटलं, "आधी बरा हो, मग भांडू." ते भांडण राहिलं.

आता वळवण.

धरण तेव्हा नवं होतं. पाणी चढून फार वर्षं झाली नव्हती, आणि पाण्याखाली लोकांची शेतं होती. काठाशी उथळ जागी बांधावरची झाडं अजून कमरेएवढ्या, गळ्याएवढ्या पाण्यात उभी होती. त्यांतलीच एक गोदूमावशीची आवळी. झाडाचा शेंडा वर होता आणि त्याला फळंही धरली होती. आमच्या बायकांनी काठावरच्या एका लहानशा आवळीखाली सारवून पूजा मांडली, तर मावशी बाजूला उभी राहून म्हणाली, "हिला कशाला पुजताय? ही काल उगावल्याली. माजी तितं उभी हाय की, पान्यात. आता तिला कोन पुजनार?"

हे ती रडून बोलली नाही. दुधाचा भाव सांगावा तसं बोलली. मला ते लागलं, की मला मिरवायची हुक्की आली, हे आज सांगता येत नाही. दोन्ही असेल. मी म्हटलं, "मावशी, तुमच्या झाडाचा आवळा आणून देतो. त्याचीच पूजा करू."

"नगा जाऊ मास्तर. शेरडं खात्यात म्हनून बुडाला म्या बाभळीच्या काट्या लावल्याल्या. त्या तशाच हायेत पान्यात."

"मावशी, मी कृष्णेच्या डोहात पोहलेला माणूस आहे."

बायका मावशीला घेऊन टेकाडामागं चुलीकडे गेल्या. काठावर मी आणि तू. राहुटीच्या दोरीचा काज उसवला होता, तू कात्री घेऊन त्याला लावायला चामड्याचा तुकडा कापत बसला होतास. तुझी ती डावखुऱ्याची कात्री. पुण्याच्या कारागिराकडून मुद्दाम घडवून घेतलेली, कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. मी धोतराचा काचा मारला, आणि तू वर न बघता म्हणालास, "धोतर काढून जा." मी म्हटलं, "बायकामाणसं आहेत." पाण्यात शिरलो.

झाडापर्यंत अगदी झोकात गेलो. फांदी धरली, आवळे तोडले. परत वळताना पाय मारला तो काट्यांत गेला. धोतराचा सोगा अडकला. सोडवायला दुसरा पाय मारला, तोही गुंडाळला. कृष्णेचं पाणी वाहतं असतं, त्यात कुंपण नसतं. मी जितकी झटापट करीन तितकं कापड काट्यांवर फिरत गेलं, आणि हातातली फांदी मोडली.

तू पोहतोस हे मला ठाऊकच नव्हतं. कुणालाच नव्हतं. थंड पाण्याचा तुला एवढा कंटाळा की तळ्याकाठी चार दिवस राहून तू पाय धुवायचास तेवढाच. कुसगावच्या विहिरीत तू लहानपणी पोहायला शिकला होतास, हे मला नंतर समजलं. तू कपड्यांनिशी आलास, हातात कात्री घेऊन. मी तुझा गळाच धरला. बुडणारा माणूस धरतो तसा. तू माझ्या मनगटाला कडकडून चावलास तेव्हा तो सुटला. मग खाली गेलास. कात्रीचा आवाज पाण्यात ऐकू येतो का, मला माहीत नाही. मला तो ऐकू आला असं अजून वाटतं. पाय मोकळे झाले आणि मी उसळलो, आणि उसळताना माझी लाथ तुझ्या छातीत बसली. मुद्दाम नाही. पण बसली.

पाय टेकले तेव्हा मी मागं पाहिलं. तू नव्हतास. मग वर आलास, पण पालथा. मी कमरेएवढ्या पाण्यातून दोन पावलं मागं गेलो, तुझी कॉलर धरली आणि तुला काठाशी ओढलं. तेवढं मात्र मी केलं, दस्तगीर. तेवढंच केलं.

आणि नेमकी त्या वेळी मंडळी टेकाडावरून धावत आली. त्यांना काय दिसलं? शिंपी निपचित पडलेला. मास्तर त्याला बाहेर ओढतोय. मास्तरच्या अंगावर लंगोटाशिवाय काही नाही. मास्तरच्या मनगटावर दातांचे वण. एका क्षणात गोष्ट जमली. मास्तरनं धोतर फेडून बुडणाऱ्याकडे फेकलं, त्याला ओढलं, आणि त्यानं घाबरून वाचवणाऱ्यालाच चावा घेतला. मथूनं माझ्यावर शाल टाकली आणि मनगटावर हळद दाबत म्हणाली, "राग धरू नका. बुडत्याला काय कळतं."

मी तोंड उघडलं होतं. खरं सांगायला उघडलं होतं. तेवढ्यात तू पाणी ओकलास, एक डोळा उघडलास आणि घोगऱ्या आवाजात म्हणालास, "मास्तरांनी काढलं मला."

माझ्या मुठीत एक आवळा राहिला होता. गोदूमावशीनं तो घेतला. मग माझ्या पायांकडे पाहिलं. पोटऱ्यांवर रक्ताच्या रेघा होत्या. ती हळूच म्हणाली, "काट्या तुमच्या पायाला लागल्यात मास्तर. त्येच्या न्हाई." पुढं कधी तिनं तोंडातून शब्द काढला नाही. तीही गेली.

त्याच संध्याकाळी मी तुला विचारलं, असं का बोललास? तू पांघरुणात गुरफटून बसला होतास.

"मला वाटलं मी मरतोय. मरताना माणसानं चांगलं बोलावं म्हटलं. नंतर मेलो नाही, तिथे सगळी अडचण झाली."

"चेष्टा नको."

"बरं, खरं सांगतो. लोक आधीच नाखूश. मास्तरच बुडाला म्हटल्यावर पुढच्या वर्षी कोण बायकामुलं पाठवील? मग मी राहुटी कुणासाठी ठोकू? गोष्ट छान बसलीय मास्तर. उसवू नका."

मी उसवली नाही. तुझ्यासाठी नाही, सहलीसाठीही नाही. खरं म्हणजे पहिले दोन दिवस सहलीसाठी, आणि पुढची सगळी वर्षं माझ्यासाठी. शाळेत माझा सत्कार झाला. शाल-नारळ घेताना तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतास, आणि मला ते आवडत होतं. टाळ्याही आणि तुझं तिथे असणंही.

एक गोष्ट त्या प्रसंगातून चांगली निघाली, ती सांगायलाच हवी. तोवर जेवताना तू आमच्या पंगतीपासून लांब, झाडाच्या पलीकडे, आपला डबा उघडून बसायचास. ते आम्हाला खटकतही नव्हतं, हे आज लिहिताना जड जातं. त्या दुपारी मथूनं तुझं पान आमच्या शेजारी मांडलं. कुणीतरी कुजबुजलं, तर ती म्हणाली, "पाण्यातून परत आलेलं माणूस आहे. त्याला लांब बसवून मला घास जायचा नाही." त्यानंतर तुझं पान कधी लांब गेलं नाही. तू मला कोपरानं ढोसून म्हणालास, "बुडाल्याचा फायदा." मी हसलो. पण ती जागा तुला बुडालेला म्हणून मिळाली. वाचवणारा म्हणून मिळायला हवी होती.

आणि मग ते नाव. बाजारातल्या कुणीतरी गंमत म्हणून तुला 'बुडीत' म्हटलं, आणि ते चिकटलं. दुकानदाराला याच्याइतका वाईट शब्द नाही. बुडीत म्हणजे ज्याच्याकडून काही परत यायचं नाही असा माणूस. "कुठून शिवलास सदरा?" "बुडीताकडून." लग्नाच्या मांडवाची कनात शुभकार्यात 'बुडीता'कडून कशी शिवून घ्यायची, असं म्हणणारेही निघाले. तू वरवर हसायचास. "नाव गाजतंय," म्हणायचास. तुझा युसूफ त्या प्रसंगानंतरच्या वर्षी जन्मला आणि यथाकाल माझ्याच वर्गात येऊन बसला. एका मुलानं त्याला 'बुडीताचा' म्हणून हाक मारली. मी त्या मुलाच्या कानफटात दिली. खरं सांगायला त्याहून कमी जोर लागला असता, पण मी कानफटात देऊन मोकळा झालो.

तुझी कात्री पाण्यातच राहिली. घरी तू सांगितलंस, गवतात पडली. त्यानंतर तू उजव्या हाताची कात्री डाव्या हातानं चालवत राहिलास आणि तुझ्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडला. मी तो रोज बघायचो. तुला तशी कात्री घडवून आणावी असं किती वेळा मनात आलं. पण लोक विचारतील, मास्तरनं शिंप्याला कात्री का दिली? पहिली कुठे गेली? एवढ्या भीतीनं मी ती आणली नाही. आता आणून कुणाला देऊ? युसूफ उजव्या हाताचा.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं तेव्हा फिरायला म्हणून आपण दोघंच वळवणला गेलो. आवळी वाळत चालली होती. तिच्या बुडाशी काट्यांवर माझं धोतर निशाणासारखं लटकत होतं. तू कमरेवर हात ठेवून म्हणालास, "मास्तर, तुमचं वाळत घातलेलं आत घ्यायचं राहिलं." आपण दोघं चिखलात बसून इतके हसलो की पाणी प्यायला आलेली म्हैस मागं फिरली. मग कात्री शोधली. चिखलात कोपरापर्यंत हात घालून शोधली. मिळाली नाही. निघताना मी म्हटलं, "तू माझा हात धरलास तेव्हा..." मला पुढं बोलायचं होतं. तू बोलू दिलं नाहीस. "नावच तसं ठेवलंय आईबापानं. दस्तगीर, म्हणजे हात धरणारा. धरायला लागतो. तुम्हाला आवडून नाही धरला."

धोतराचा चांगला राहिलेला तुकडा तू घरी नेलास आणि राहुटीला आतून लावलास, मी निजतो बरोबर त्याच्या वर. राहुटी तिथे फाटलेलीही नव्हती. दर वर्षी डोळे उघडले की माझं धोतर मला दिसायचं, आणि दाराशी तू घोरत असायचास.

त्यानंतर दर आवळीभोजनाला मंडळी म्हणायची, "मास्तर, ती गोष्ट सांगा." मी सांगायचो. आणि तू, खरी गोष्ट माहीत असलेला, समोर बसून तिच्यात भर घालायचास. "मास्तर, काठ राहिला. लाल काठाचं धोतर होतं." "मास्तर, मी दोनदा चावलो, एकदा नाही." सगळे पोट धरून हसायचे. तू माझं पाप असं हसत हसत उचलून धरायचास की ते पाप आहे हे मलाही विसरायला व्हायचं.

मग तुझी मयत. मातीचं सगळं झाल्यावर युसूफ माझ्याकडे आला. सगळ्यांसमोर माझे हात हातात घेऊन म्हणाला, "मास्तरकाका, तुम्ही त्या दिवशी अब्बांना काढलं नसतं तर मी कुठला? माझं हे सगळं तुमचं आहे." वर्तमानपत्रं वाचून माणसं हल्ली एकमेकांकडे तिरपं बघायला लागलीत. तिथे उभ्या असलेल्यांना त्याचे ते शब्द ऐकून बरं वाटलं. ज्याच्या बापानं मला जीव दिला तो मुलगा माझे आभार मानत होता. ज्या दिवशी मी बुडालो असतो, त्यानंतर तीन वर्षांनी माझी धाकटी झाली. ती कुणामुळं, हे कुणी कुणाला सांगावं?

आठ-दहा दिवसांनी मी दुकानात गेलो. युसूफ मशीनवर होता. मी बाकड्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. काही राखलं नाही, लाथसुद्धा. त्यानं पाय थांबवले.

"राहुटीचं ते ठिगळ..." तो म्हणाला. "मी एकदा काढायला गेलो होतो. अब्बा खेकसले, हात लावू नको, ते मास्तरांचं आहे."

"हो."

"आणि कात्री? अम्मी शेवटपर्यंत त्यांना बोलायची. एवढी भारी कात्री गवतात टाकून येणारा माणूस, म्हणायची."

"पाण्यात आहे."

मग त्यानं जे विचारलं ते मी अनेक वर्षं ऐकायच्या तयारीत होतो, तरी तयार नव्हतो.

"मग आम्हाला बुडीत का म्हणू दिलंत?"

मी म्हटलं, "ते नाव मला चिकटेल याची भीती वाटली."

"मला एकट्याला सांगून काय उपयोग, काका? बुडीत म्हणणारा मी नाही." त्यानं पुन्हा मशीनवर पाय ठेवला. "जिथे सांगत आलात तिथेच सांगा. राहुटी मी ठोकायला येतो."

तो आला. वळवणच्या काठी, त्याच आवळीपाशी. काल उगवलेली ती आवळी आता राहुटीच्या दुप्पट उंच झालीय. राहुटी कुठे, असं त्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "उघड्यावर." मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. तुझ्या हट्टापुढं मी हरलो, दस्तगीर. आणि खरंच, कापड कोरडं राहिलं. हे तू ऐकायला हवं होतंस. मला किती बोलला असतास!

पानं वाढली. दर वर्षीची जागा म्हणून मथूनं तुझंही पान मांडलं. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, यंदा दस्तगीरभाईंच्या आठवणीसाठी ती गोष्ट सांगाच." मी उभा राहिलो. सुरुवात नेहमीसारखी केली. आवळी, मावशी, कृष्णेचा डोह. मग म्हटलं, "इथवर खरं होतं. आता पुढचं खरं ऐका."

माझं सांगून झालं. पाण्यावर टिबुकल्या बुड्या मारत होत्या. मी मथूकडे पाहायला धजत नव्हतो. तिलाही हे त्याच वेळी कळत होतं. आमच्या संसारातली ही एकच गोष्ट मी तिच्यापासून लपवली, आणि ती तिनं अभिमानानं गावभर सांगितली होती.

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे धोतर तुम्ही फेडलं नव्हतंत?"

"नाही."

"कापून काढावं लागलं?"

"हो."

"आणि मी नेवाशाच्या बहिणीपर्यंत सगळ्यांना सांगितलं, आमच्या ह्यांनी लाजलज्जा सोडून..." तिला पुढं बोलता येईना. आधी मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. पदर तोंडाला लावून, हलून हलून हसत होती. मग डोळे पुसून तिनं तुझं पान उचललं, पंगतीच्या पहिल्या जागी नेऊन ठेवलं आणि त्यावर युसूफला बसवलं. "बस रे बाबा. तुझ्या बापाला मी बुडता समजून जेवायला घातलं. तुला तरी नीट समजून वाढते."

त्यावर एक म्हातारे पेन्शनर खोऽ खोऽ करून हसले. "म्हणजे मास्तर, शाळेनं शाल दिली ती लंगोटावर पांघरायला!" आणि सगळी पंगत फुटली. युसूफही हसला. तुझं ते वरवरचं हसू नव्हे. खरं. इतकी वर्षं जे हसू तुझ्या दुकानापुढून जात होतं, ते त्या दिवशी वाट बदलून माझ्याकडे आलं. दस्तगीर, ते मला जड गेलं नाही. मी तुझ्या पानाशेजारी बसून पोटभर जेवलो.

तुला मी कधी म्हटलं नाही, म्हणून आज म्हणतो. तू मला वाचवलंस. माझी बायको गायली, माझी धाकटी जन्मली, मी म्हातारा झालो, हे सगळं तुझ्या कात्रीनं दिलेलं आहे.

राहुटी वाळली आहे. ठिगळ काढायचं का, असं युसूफनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे, आता त्याखाली झोपायला लाज वाटत नाही.

आज सकाळी भाजी आणायला बाजारात गेलो होतो. तुझ्या दुकानापुढं पोरं खेळत होती. मी पुढं गेल्यावर त्यांतल्या एकानं मागून हळूच आवाज दिला, "ओ बुडीत मास्तर!" बाकीची खिदळली आणि युसूफ त्यांच्यावर ओरडायला दारात आला. मी त्याला हातानंच थांबवलं, मागं वळलो आणि म्हणालो, "ओ."